गर्भाशयाच्या अस्तराचे ऑर्गनॉइड: सोलापुरात पहिली बॅच लावताना

पाळीत अतोनात रक्त जाणं, एंडोमेट्रिओसिस, पीसीओएस, वारंवार गर्भ न रुजणं, अस्तराचा कर्करोग. या सगळ्यांचा संबंध गर्भाशयाच्या आतल्या अस्तराशी, म्हणजे एंडोमेट्रियमशी येतो. हे अस्तर दर महिन्याला वाढतं, बदलतं आणि गळून पडतं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराला पाळी येत नाही. अस्तराच्या पेशी प्लॅस्टिकवर सपाट वाढवल्या तर त्या थोड्याच दिवसांत संप्रेरकांना दाद देईनाशा होतात. त्यामुळे हा अभ्यास वर्षानुवर्षं अडून राहिला होता.

२००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या स्टेम सेलपासून जेलमध्ये छोटं आतडं वाढवून दाखवलं गेलं. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आणि बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटांनी तीच वाट धरून मानवी अस्तराचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून जेलमध्ये वाढवलेल्या अस्तराच्या चिमुकल्या प्रतिकृती, केले. अस्तरातल्या ग्रंथींचे बारीक तुकडे मऊ जेलमध्ये ठेवून योग्य वाढघटक (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) दिले की त्यांचे आतून पोकळ गोळे तयार होतात. हे गोळे महिनोन्‌महिने वाढवता येतात, ते इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देतात, आणि ज्या बाईचे आहेत तिच्या आजाराच्या खुणाही बऱ्याच अंशी जपतात.

पुढची कृती स्त्रीरोग, पॅथॉलॉजी किंवा जीवशास्त्राच्या विभागात ज्यांना हे पहिल्यांदा लावायचं आहे त्यांच्यासाठी आहे. जेल आणि वाढघटक महाग असतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. बॅच मात्र बहुतेक वेळा त्याआधीच फसलेली असते: नमुना फॉर्मलिनमध्ये गेला, गाडीत उन्हात राहिला, किंवा पाळीचा कितवा दिवस हे कोणी लिहिलंच नाही. म्हणून त्या भागाला इथे जास्त जागा दिली आहे.

आधी परवानगी, मग प्लेट

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आधी घ्या. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत आहे ना, हेही बघा. पेशींमध्ये जनुकीय फेरफार करणार असाल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीचा वेगळा अर्ज लागतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी हवी, त्यामुळे पहिला प्रकल्प देशातच पूर्ण होईल असा आखलेला बरा.

संमतीपत्र फक्त मराठीत करून सोलापुरात भागत नाही. पूर्व भागातल्या अनेक बायकांची घरची भाषा तेलुगू आहे, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कितीतरी जणींची कन्नड. तिन्ही भाषांत छापील पत्र ठेवा आणि ते वाचून दाखवणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असू द्या. बोलणं साधं हवं: "ताई, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घ्यायचाच आहे. तपासणीला लागतो तेवढा जाऊन जो उरेल, त्यातल्या पेशी आम्ही संशोधनासाठी वाढवू. त्या बरीच वर्षं जपून ठेवल्या जातील. तुमचं नाव त्यावर नसेल. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, आणि आज हो म्हणून उद्या नाही म्हणालात तरी चालेल." पेशी वर्षानुवर्षं जिवंत राहतील आणि त्यांची जनुकीय तपासणी होऊ शकेल, या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. कित्येक संमतीपत्रांत नेमक्या याच राहून जातात.

नमुना: खरी परीक्षा इथे

पिपेलने (अस्तराचा तुकडा ओढून घेणाऱ्या बारीक नळीने) घेतलेली बायोप्सी पुरते. हरभऱ्याच्या डाळीएवढा स्वच्छ तुकडा मिळाला तरी पहिली बॅच लागते. पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेतूनही अस्तर मिळतं, मात्र पिशवी पॅथॉलॉजिस्टने पाहून कुठून किती घ्यायचं ते ठरवल्यावरच. निदानाचा वाटा आधी, संशोधनाचा नंतर. पाळीच्या उत्तरार्धात बायोप्सी असेल तर त्याआधी लघवीची गरोदरपणाची चाचणी करून घ्या.

तिसरा मार्ग पाळीच्या रक्ताचा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मेन्स्ट्रुअल कपमध्ये जमलेल्या रक्तातल्या अस्तराच्या तुकड्यांपासूनही ऑर्गनॉइड होतात, हे २०२१ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं. ज्यांना बायोप्सीची गरज नाही अशा निरोगी स्वयंसेविकांसाठी हा मार्ग उत्तम. फक्त जंतूंचा भार जास्त असतो, त्यामुळे अँटिबायोटिक घातलेल्या थंड बफरने तीन-चार वेळा धुवावं लागतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये तुकडा निघाला की तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकण्याची वर्षानुवर्षांची सवय असते. एकदा फॉर्मलिन लागलं की पेशी संपल्या. म्हणून गुलाबी माध्यम (पेशींना पोसणारं द्रव) भरलेली, ठळक अक्षरात "संशोधन, फॉर्मलिन घालू नका" लिहिलेली १५ मिलीची ट्यूब स्वतः घेऊन थिएटरच्या दाराशी थांबा. ट्यूबमध्ये १० मिली थंड आरपीएमआय किंवा डीएमईएम/एफ१२ आणि अँटिबायोटिक. पेटीत २ ते ८ अंश. ट्यूब बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कापड किंवा कागदाची घडी ठेवा. गोठलेला तुकडाही उकडलेल्या तुकड्याइतकाच निकामी. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर असतो आणि बंद गाडीत त्याहूनही जास्त. बार्शी किंवा पंढरपूरहून नमुना येणार असेल तर पेटीत छोटा थर्मामीटर ठेवून निघताना आणि पोचल्यावर आकडा लिहा. त्याच दिवशी काम सुरू केलेलं सगळ्यात चांगलं. २४ तासांपर्यंत चालतं, त्यापुढे ग्रंथी विस्कटू लागतात.

नमुन्यासोबत एक कार्ड भरायचं. शेवटच्या पाळीची तारीख, पाळी किती दिवसांनी येते, गेल्या तीन महिन्यांत गोळ्या किंवा इंजेक्शन (गर्भनिरोधक, प्रोजेस्टेरॉन, लेट्रोझोल, टॅमोक्सिफेन), तांबी आहे का, आणि असल्यास साधी की संप्रेरकवाली, बाळंतपणं, सिझेरियन, क्युरेटिंग, क्षयाचा इतिहास. तंबाखूचा प्रश्न नीट विचारा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की उत्तर बहुधा "नाही" येतं. "मिश्री लावता का? घरी बिड्या वळता का?" असं विचारलं की खरं कळतं. तारखेवर पूर्ण भरवसा ठेवू नका. तुकड्याचा छोटा भाग पॅथॉलॉजीला देऊन अस्तर वाढीच्या टप्प्यात आहे की स्रावाच्या, हे पक्कं करून घ्या. दोन्ही टप्प्यांतून ऑर्गनॉइड होतात, पण नंतर तुलना करताना ही माहिती नसेल तर सगळे आकडे निरर्थक ठरतात.

क्षयाबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे जननमार्गाचा क्षय हे वंध्यत्वाचं एक महत्त्वाचं कारण आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. प्रत्येक नमुन्याचा भाग सीबीनॅट या क्षयाच्या जनुकीय चाचणीला पाठवा आणि निकाल येईपर्यंत ती प्लेट वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये, निदान वेगळ्या कप्प्यात बंद डब्यात ठेवा. या नमुन्यांत जंतू फार कमी असतात, त्यामुळे निगेटिव्ह निकाल म्हणजे खात्री नव्हे. सगळं काम वर्ग दोनच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करा. पॉझिटिव्ह आला तर ती बॅच ऑटोक्लेव्ह करून संपवा. साध्या लॅबमध्ये ती पुढे वाढवायची नाही.

माध्यम: ५० मिलीचा हिशेब

आधार अ‍ॅडव्हान्स्ड डीएमईएम/एफ१२. स्टॉक खालीलप्रमाणे केले असतील तर ५० मिलीला एवढं घाला:

बी२७, व्हिटॅमिन ए नसलेलं, ५० पट: १ मिली
एन२, १०० पट: ०.५ मिली
ग्लुटामिन, २०० मिलिमोलर: ०.५ मिली
निकोटिनामाइड, १ मोलर: ५०० मायक्रोलिटर
एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, ५०० मिलिमोलर: १२५ मायक्रोलिटर
प्रायमोसिन, ५० मिग्रॅ प्रति मिली: १०० मायक्रोलिटर
ईजीएफ, ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिली: ५ मायक्रोलिटर
नॉगिन, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली: ५० मायक्रोलिटर
एफजीएफ-१०, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली: ५० मायक्रोलिटर
एचजीएफ, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली: ५० मायक्रोलिटर
आर-स्पाँडिन-१, २५० मायक्रोग्रॅम प्रति मिली: १०० मायक्रोलिटर
ए८३-०१, ५ मिलिमोलर: ५ मायक्रोलिटर

म्हणजे अंतिम प्रमाण ईजीएफ ५०, नॉगिन १००, एफजीएफ-१० १००, एचजीएफ ५० आणि आर-स्पाँडिन ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली, ए८३-०१ ५०० नॅनोमोलर. ४ अंशांवर आठ-दहा दिवसांत संपवा, त्यामुळे एकदम अर्धा लिटर करून ठेवू नका. ४८ वेलच्या (खळग्यांच्या) भरलेल्या प्लेटला एका बदलाला १२ मिली लागतं. आठवड्यात तीन बदल धरले तर ३६ मिली.

सगळ्यात जास्त खर्च आर-स्पाँडिन आणि नॉगिनचा. ही प्रथिनं बाहेर सोडणाऱ्या पेशी वाढवून त्यांचं माध्यम वापरण्याचा स्वस्त मार्ग आहे. आर-स्पाँडिनचं असं माध्यम साधारण १० टक्के घालतात. पण प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी असते आणि त्यात सीरम आलं तर सीरममधली संप्रेरकंही सोबत येतात. संप्रेरकांवरच प्रयोग असेल तर शुद्ध प्रथिनावरच खर्च करा. आतड्याच्या ऑर्गनॉइडला लागतं तसं बाहेरचं डब्ल्यूएनटी (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) अस्तराच्या ऑर्गनॉइडला लागत नाही. तो खर्च वाचतो. बीजवाहिनीचे ऑर्गनॉइड मात्र त्याच्याशिवाय टिकत नाहीत.

मॅट्रिजेल आणि सोलापूरचा उन्हाळा

मॅट्रिजेल, म्हणजे गोळे ज्यात वाढतात ते जेल, १० अंशांच्या वर घट्ट होऊ लागतं आणि एकदा घट्ट झालं की सहजी पुन्हा पातळ होत नाही. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल अशी ऑर्डर द्या. शुक्रवारी निघालेलं रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. हातात आल्यावर पेटीत कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते बघून, फोटो काढूनच सही करा. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये, बर्फात खोचून वितळवा, दुसऱ्या दिवशी थंडगार ट्यूबमध्ये ५००-५०० मायक्रोलिटर वाटून उणे २० ला ठेवा. हा फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. तो दर काही तासांनी गरम होतो आणि जेल खराब करतो. पिपेटच्या टिपांचा डबा आदल्या रात्री उणे २० मध्ये ठेवा. एसी बंद पडलेल्या खोलीत मे महिन्यात हे काम करू नका, टिपेतच जेल धरतं.

प्लेटचं उलट: ती आदल्या रात्रीपासून ३७ अंशांच्या इनक्यूबेटरमध्ये हवी. थंड प्लेटवर थेंब पसरतो, गरम प्लेटवर घुमटासारखा उभा राहतो.

पहिला दिवस

तुकडा पेट्री डिशमध्ये घ्या, थंड बफरने रक्त आणि चिकट स्राव धुऊन काढा. स्काल्पेलने अर्ध्या-एक मिलिमीटरचे तुकडे करा. कोलॅजिनेज-५ ०.४ मिग्रॅ प्रति मिली आणि डिस्पेज-२ १.२५ युनिट प्रति मिली, १० टक्के सीरम असलेल्या आरपीएमआयमध्ये. ३७ अंशांवर हलकं हलवत ठेवा.

वेळ घड्याळाने ठरवू नका, सूक्ष्मदर्शकाने ठरवा. दहा मिनिटांनी एक थेंब बघा, मग दर पाच मिनिटांनी. सुरुवातीला सगळा गचका दिसतो. मग कडेच्या स्ट्रोमाच्या (ग्रंथींना आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशी सुट्या होऊन पाण्यात तरंगतात आणि त्यांच्यामधून ग्रंथींच्या नागमोडी, नळीसारख्या काड्या उघड्या पडतात. काड्या स्वच्छ दिसल्या पण तुटायला लागल्या नाहीत, तोच क्षण थांबण्याचा. साधारण २० मिनिटं लागतात, तंतुमय नमुन्याला जास्त. अर्धवट पचनाने स्ट्रोमा चिकटून राहतो. जास्त पचनाने ग्रंथी सुट्या पेशींत फुटतात, आणि सुट्या पेशींतून गोळे फार कमी उठतात.

थांबवण्यासाठी थंड माध्यम भरपूर घाला आणि १०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. स्ट्रोमा खाली जातो, ग्रंथी वर अडकतात. खालचा भाग फेकू नका, साध्या फ्लास्कमध्ये लावून स्ट्रोमाच्या पेशी वेगळ्या जपा, पुढे लागतील. चाळणी स्वच्छ डिशवर उलटी धरून माध्यमाच्या धारेने ग्रंथी खाली उतरवा. ६०० जी वर ६ मिनिटं फिरवा. आपल्याकडच्या बऱ्याच सेंट्रिफ्यूजवर फक्त फेरे दिसतात. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ६०० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १,९०० फेरे.

खाली बसलेल्या गोळीच्या २० पट जेल घ्या. २० मायक्रोलिटरच्या गोळीला ४०० मायक्रोलिटर, त्यात २५ मायक्रोलिटरचे १६ थेंब होतात. जेल माध्यमाने पातळ होऊ देऊ नका, म्हणजे गोळीवरचं सगळं पाणी काढून टाका. बर्फावर, बुडबुडे न आणता, हळू मिसळा. थेंब वेलच्या मधोमध सोडा, मिनिटभराने प्लेट उलटी करून इनक्यूबेटरमध्ये १५ मिनिटं. उलटी केल्याने तुकडे तळाच्या प्लॅस्टिकला जाऊन चिकटत नाहीत. मग प्रत्येक वेलमध्ये २५० मायक्रोलिटर कोमट माध्यम कडेने सोडा. कडेच्या वेलमध्ये नमुना न लावता बफर भरा. कोरड्या हवेत तिथलं माध्यम आटतं आणि क्षार वाढून गोळे सुकतात. इनक्यूबेटरमधला पाण्याचा ट्रे आठवड्याला बदला.

वाढ आणि पॅसेज

एक-दोन दिवसांत काड्यांची तोंडं मिटतात, पाचव्या दिवसापर्यंत पातळ भिंतीचे पारदर्शक गोळे दिसू लागतात. माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदला. पॅसेज, म्हणजे गोळे फोडून नव्या जेलमध्ये लावणं, ७ ते १० दिवसांनी. गोळ्याच्या पोटात काळा डाग दिसू लागला की आत मेलेल्या पेशी साठल्या आहेत आणि उशीर झाला आहे.

पॅसेजसाठी माध्यम काढा, बर्फाळ माध्यम घालून थेंब टिपेने खरवडा, चार-पाच वेल एकत्र करा आणि जोराने वर-खाली करून गोळे फोडा. इलेक्ट्रॉनिक पिपेटवर २००-३०० वेळा. ती नसेल तर १००० च्या टिपेवर २०० ची टिप बसवून अरुंद तोंडाने फोडा. फिरवल्यावर गोळीच्या वर धुरकट थर दिसला तर ते न विरघळलेलं जुनं जेल आहे. थंड माध्यमात पुन्हा मिसळून पुन्हा फिरवा, नाहीतर नवा थेंब घट्ट होत नाही. एकाचे दोन किंवा तीन वेल करा. एन्झाइमने सुट्या पेशी करायच्या असतील तर त्या तगाव्यात म्हणून पहिले दोन दिवस वाय-२७६३२ हे रसायन १० मायक्रोमोलर घाला.

लांबट, चांदणीसारख्या पेशी थेंबाच्या तळाशी पसरू लागल्या तर स्ट्रोमा आला आहे. पहिल्या-दुसऱ्या पॅसेजला थेंब उचलून नव्या प्लेटमध्ये नेला की स्ट्रोमा बहुधा मागे राहतो. माध्यम झपाट्याने पिवळं आणि गढूळ झालं तर जंतू. ती वेल वाचवायच्या नादाला लागू नका, पूर्ण प्लेट टाका. माध्यम जांभळट गुलाबी झालं असेल तर कार्बन डायऑक्साइड संपला आहे. वीज गेली की इनक्यूबेटरचं दार उघडून बघायचा मोह आवरा, बंद दाराआड उष्णता बराच वेळ टिकते. इनक्यूबेटर जनरेटरच्या भरवशावर सोडू नका, मध्ये यूपीएस हवाच, कारण बदलीच्या काही सेकंदांत काही यंत्रं सेटिंग विसरतात. मायकोप्लाझ्मा हा जंतू डोळ्याला दिसत नाही आणि माध्यम गढूळही करत नाही. महिन्याला पीसीआर करा.

हेच अस्तर आहे, हे सिद्ध करा

यासाठी नवं यंत्र लागत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅथॉलॉजी विभाग इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरची रंगाई रोज करतोच, तीच अँटिबॉडी इथे चालते. ग्रंथींच्या पेशींची खूण असलेलं सायटोकेराटिन पॉझिटिव्ह हवं. ऑर्गनॉइड फिक्स करताना मॅट्रिजेल विरघळून गोळे हरवतात, म्हणून ते आधी कोमट अगारोजमध्ये बसवून मग पॅराफिनला द्या. कर्करोगाच्या नमुन्यातून वाढवत असाल तर मूळ गाठीच्या स्लाइडशी तुलना करा. शेजारच्या निरोगी ग्रंथी या माध्यमात जोमाने वाढतात आणि कर्करोगाच्या पेशींना मागे टाकतात. मग तुम्ही महिनाभर भलत्याच पेशींवर औषध तपासत बसता.

पाळीचं चक्र प्लेटमध्ये

पॅसेजनंतर चौथ्या दिवशी सुरू करा. इस्ट्रॅडायोल २.७२ मिग्रॅ १ मिली इथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. ते हजार पट पातळ करून १० मायक्रोमोलर करा आणि १ मिली माध्यमाला १ मायक्रोलिटर घाला: १० नॅनोमोलर. प्रोजेस्टेरॉन ३.१४ मिग्रॅ १ मिलीत, दहा पट पातळ, मग १ मिलीला १ मायक्रोलिटर: १ मायक्रोमोलर. स्टॉक काचेच्या कुपीत ठेवा, स्टिरॉइड प्लॅस्टिकला चिकटतात. दोन्ही घातल्यावर इथेनॉल ०.२ टक्के होतं, तेव्हा तुलनेच्या वेललाही ०.२ टक्के इथेनॉल द्या. माध्यमाला गुलाबी रंग देणारं फिनॉल रेड स्वतःच किंचित इस्ट्रोजेनसारखं वागतं, म्हणून या प्रयोगासाठी ते नसलेलं माध्यम घ्या.

दोन दिवस फक्त इस्ट्रॅडायोल, पुढचे चार दिवस त्यासोबत प्रोजेस्टेरॉन आणि पेशीत शिरू शकणारं सायक्लिक एएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू). पहिल्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि केसल पेशी वाढायला हव्यात, दुसऱ्यात पीएईपी आणि एसपीपी१ ही जनुकं. आधी इस्ट्रोजेन दिलं नाही तर प्रोजेस्टेरॉनला रिसेप्टरच मिळत नाही आणि प्रयोग कोरडा जातो. पीएईपी वाढलं नाही म्हणून लगेच "ही बाई प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाही" असा निष्कर्ष काढू नका. त्याच दिवशी, त्याच माध्यमात, निरोगी बायकांच्या ऑर्गनॉइडमध्ये ते वाढलं का ते आधी बघा. एंडोमेट्रिओसिसमध्ये असा प्रतिकार खरोखर आढळतो, पण जुना स्टॉक आणि बाईने चालू ठेवलेल्या गोळ्याही अगदी तसंच चित्र दाखवतात.

सोलापूरचा एक प्रश्न घेऊन

या शहरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. तंबाखूच्या चुऱ्याचा अस्तरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न ऑर्गनॉइडला विचारण्याजोगा आहे, फक्त मात्रा खरी हवी. कितीतरी प्रयोगांत निकोटीन मिलिमोलरमध्ये ओततात. त्या मात्रेला पेशी मरतात आणि त्यातून काहीच कळत नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात निकोटीन साधारण १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिली असतं, म्हणजे सुमारे ६० ते ३०० नॅनोमोलर. बिडी वळणाऱ्या बाईच्या अंगात किती जातं हे तिच्या लघवीतल्या कोटिनीनवरून (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थावरून) ठरवा आणि त्याच्या आसपासच्या तीन मात्रा निवडा. प्रत्येक बाईच्या ऑर्गनॉइडची तुलना त्याच बाईच्या निकोटीन न दिलेल्या वेलशी करा. एका बाईच्या ४८ वेल म्हणजे मोजणीत एकच नमुना. शोधनिबंधात वेल मोजून आकडा फुगवला तर तो निष्कर्ष त्या बायकांच्या काहीच कामाचा राहत नाही.

आणि उत्तर कितपत मर्यादित आहे हेही लिहा. या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, रोगप्रतिकारक पेशी नाहीत, स्ट्रोमा नाही. तो पाळीसारखा रक्तस्राव करत नाही. स्ट्रोमाचा भाग हवा असेल तर जपून ठेवलेल्या स्ट्रोमाच्या पेशी कोलॅजेन जेलमध्ये ऑर्गनॉइडसोबत मिसळून वाढवता येतात. शिवाय गोळ्याची आतली बाजू म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीकडची बाजू. जंतू किंवा गर्भ ज्या बाजूने येतो ती आत बंद असते, त्यामुळे बाहेरच्या माध्यमात जंतू टाकून संसर्गाचा अभ्यास होत नाही. गोळे फोडून ट्रान्सवेलच्या सच्छिद्र पडद्यावर सपाट थर करावा लागतो. गर्भाशयमुखाचे ऑर्गनॉइडही आता होतात. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू असलेल्या या जिल्ह्यात एचपीव्हीवरच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरच्या) कामाला त्यांचा उपयोग मोठा आहे, पण त्यांचं माध्यम वेगळं, वरची यादी तिथे तशीच चालत नाही.

गोठवणं आणि नोंद

दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजलाच निम्मे गोळे गोठवा. चार ते सहा थेंबांची एक व्हायल: माध्यम ७० टक्के, सीरम २०, डीएमएसओ १०. आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यातून उणे ८० ला, दोन-तीन दिवसांत द्रव नायट्रोजनमध्ये. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत जे क्रायोकॅन असतात तेच इथेही चालतात, आणि त्यांना नायट्रोजन पुरवणाऱ्यांकडूनच नियमित भरणी ठरवून घेता येते. मात्र तुमचा कॅन वेगळा हवा आणि पातळी आठवड्याला पट्टीने मोजून लिहायला हवी. दोन आठवड्यांत एक व्हायल वितळवून गोळे उठतात का ते बघा, तोवर चालू प्लेट संपवू नका.

कामाचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: ऊती आणि ऑटोक्लेव्ह केलेलं कल्चर पिवळ्या पिशवीत, दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, स्काल्पेलचं पातं पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

रजिस्टरमध्ये प्रत्येक कोडसमोर पॅसेज क्रमांक, मॅट्रिजेलचा लॉट, व्हायल कुठल्या कप्प्यात, पॅथॉलॉजीचा ब्लॉक क्रमांक आणि संमतीपत्राची फाइल एकाच ओळीत लिहा. कोड आणि नाव जोडणारी यादी कुलपात, वेगळ्या माणसाकडे. एखादीने संमती मागे घेतली तर तिच्या सगळ्या व्हायल, प्लेट आणि ब्लॉक त्याच दिवशी सापडले पाहिजेत.